सहा एक्स क्लास फ्लेअर आणि बाहेर काहीच नाही : सनस्पॉट १२१९२ ची केस

ऑक्टोबर २०१४. १७-१८ तारखेच्या सुमारास सूर्याच्या पूर्वेकडच्या कडेवरून एक डागांचा समूह फिरत फिरत समोर आला, त्याला नंबर मिळाला १२१९२. आधीच्या फेरीत हाच भाग १२१७२ या नंबरने दिसून गेला होता, पण तेव्हा त्याच्याकडे वळून बघावं असं फार काही नव्हतं. आता मात्र गडी रोज फुगत गेला. २६-२७ तारखेपर्यंत त्याचं क्षेत्रफळ सूर्याच्या दिसणाऱ्या गोलार्धाच्या दशलक्षांश भागांत मोजलं तर २७५० च्या आसपास पोचलं. याच मापात पृथ्वीचा सगळा पृष्ठभाग भरतो १६९, म्हणजे सोळा पृथ्व्यांची सालं काढून अंथरली तर जेवढी जागा व्यापतील तेवढा हा डाग. आडवी लांबी सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे, गुरू ग्रहाच्या व्यासाच्या जवळपास. नोव्हेंबर १९९० नंतर एवढा मोठा समूह दिसलाच नव्हता. २३ तारखेला उत्तर अमेरिकेतून खंडग्रास ग्रहण दिसलं त्याच्या फोटोंमध्येही सूर्याच्या बिंबावर हा काळा ठिपका स्पष्ट दिसतो, ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता.

आणि तो गप्प बसला होता असं अजिबात नाही. त्याने फ्लेअर सोडले, म्हणजे सूर्यावर अचानक होणारे ऊर्जेचे स्फोट. १९ ऑक्टोबरला एक्स १.१, २२ ला एक्स १.६, २४ ला एक्स ३.१, मग २५ ला एक्स १.०, २६ ला एक्स २.० आणि २७ ला परत एक्स २.०. नऊ दिवसांत सहा एक्स क्लास फ्लेअर, शिवाय एम क्लासचे २९. एक्स हा सगळ्यात वरचा वर्ग, पृथ्वीजवळ येणाऱ्या एक्स-रे किरणांची तीव्रता चौरस मीटरला १० चा उणे ४ था घात वॅट झाली की एक्स १, एम त्याच्या दहापट खाली. यातला २४ तारखेचा सगळ्यात मोठा, जागतिक वेळेनुसार २१:०७ ला सुरू झाला, २१:४१ ला शिखरावर गेला, २२:१३ पर्यंत ओसरला. मी या केसमध्ये मुख्यतः त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

आता अशा वेळी सगळ्यांच्या डोळ्यासमोर येतो तो ऑक्टोबर २००३. तेव्हाचा १०४८६ नंबरचा समूह त्याच मापात २६१० होता, म्हणजे याच्यापेक्षा किंचित लहानच. त्याने २८ ऑक्टोबरला एक्स १७ चा फ्लेअर केला, सोबत अब्जावधी टन प्लाझ्मा, म्हणजे तापलेला विद्युतभारित वायू, सरळ पृथ्वीच्या दिशेने भिरकावला, २९ ला परत तसंच केलं, आणि ३० तारखेला स्वीडनमधल्या माल्मो शहरात तासभर वीज गेली. या प्लाझ्मा फेकण्याला सीएमई म्हणतात, कोरोनल मास इजेक्शन. मग २०१४ मध्ये त्याहून मोठा डाग, तोही बिंबाच्या मध्यावर, अगदी पृथ्वीकडे तोंड करून, एकामागून एक एक्स फ्लेअर सोडतोय म्हटल्यावर अपेक्षा काय असणार सांगा.

झालं काय? सहाच्या सहा एक्स फ्लेअरमधून एकही सीएमई निघाला नाही. रेडिओ ब्लॅकआउट झाले, कारण एक्स-रे प्रकाशाच्या वेगाने सव्वाआठ मिनिटांत पोचतात आणि उजेडाच्या बाजूचं आयनोस्फिअर, म्हणजे पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, बिघडवतात, त्याला अडवणारं मधे काही नसतं. पण प्लाझ्मा आला नाही. चुंबकीय वादळाचा बार फुसका निघाला.

बऱ्याच लोकांनी याचं उत्तर 'नशीब' असं देऊन विषय संपवला. मला ते पटत नाही आणि कारण साधं आहे. एक्स क्लास फ्लेअरपैकी सीएमईशिवाय होणारे जेमतेम दहा टक्के असतात. समजा प्रत्येक वेळी सुटका होण्याची शक्यता दहात एक धरली तर सलग सहा वेळा ते होणं म्हणजे दहा लाखांत एक. एवढं नशीब कोणाचं नसतं. म्हणजे हे सहा वेगवेगळे नाणेफेकीचे निकाल नव्हते, त्या प्रदेशाच्या रचनेतच काहीतरी होतं जे दर वेळी तेच करत होतं. ते काय, हीच ही केस.

आधी पैसा कुठे ठेवलाय ते बघू

फ्लेअरची ऊर्जा येते कुठून? उष्णतेतून नाही, गुरुत्वाकर्षणातून नाही. छोटं गणित करून बघा. डागांच्या वरच्या कोरोनात, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणात, चुंबकीय क्षेत्र २०० गॉस धरलं तर प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे १६० ज्यूल चुंबकीय ऊर्जा बसते. त्याच घनमीटरमधला प्लाझ्मा वीस लाख अंश तापलेला असला तरी इतका विरळ असतो की त्याची उष्णता एक ज्यूलही भरत नाही. म्हणजे तिथे श्रीमंत एकच आहे. आता पन्नास हजार किलोमीटर लांब, रुंद, उंच असा ठोकळा घ्या, एकूण ऊर्जा येते साधारण २ गुणिले १० चा २५ वा घात ज्यूल, आणि मोठा एक्स फ्लेअर ढोबळमानाने १० चा २५ वा घात ज्यूल खर्च करतो. हिशोब जुळतो, म्हणजे जुळतो असं वाटतं. (जाता जाता : एवढी ऊर्जा सूर्य एरवी सेकंदाच्या चाळिसाव्या भागात सहज बाहेर टाकतो. सूर्याच्या एकूण खर्चात फ्लेअर म्हणजे किरकोळ खातं आहे, तो भयंकर वाटतो कारण सगळं एका छोट्या जागेतून आणि एक्स-रे मध्ये येतं.)

वाटतं म्हटलं कारण इथे एक मोठी गोम आहे. सगळी चुंबकीय ऊर्जा खर्च करता येत नाही. डागांचं चुंबकीय क्षेत्र खाली फोटोस्फिअरमध्ये, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागात, रोवलेलं असतं, आणि फ्लेअरच्या अर्ध्या तासात ते डाग काही नाहीसे होत नाहीत. पायथा जसा आहे तसा राहणार असेल तर त्यावर उभं राहू शकणाऱ्या सगळ्या रचनांमध्ये एक सगळ्यात कमी ऊर्जेची असते, तिला पोटेन्शियल फील्ड म्हणतात, तिच्यात विद्युतप्रवाह शून्य. त्याखाली उतरता येत नाही. प्रत्यक्षातलं क्षेत्र पिळलेलं, ताणलेलं असतं आणि त्यामुळे जी ऊर्जा जास्तीची साठते ती फ्री एनर्जी. फ्लेअर फक्त तीच खाऊ शकतो. मुद्दल आणि व्याज म्हणा हवं तर, मुद्दलाला हात लावायचा नाही, जे काय उधळायचं ते व्याजातून.

आणि इथेच मोठ्या डागाची पहिली फसवणूक आहे. १२१९२ चं मुद्दल अवाढव्य होतं. पण व्याज किती ते डागाच्या आकारावरून कळत नाही, पीळ किती त्यावरून कळतं.

व्याज साठतं कसं? कोरोनात चुंबकीय क्षेत्र दादा आणि प्लाझ्मा मुकाट मागे जाणारा, पण खाली फोटोस्फिअरच्या खोल थरांत उलटं, तिथे प्लाझ्मा दाट, तो रेषांना ओढून नेतो. फील्ड लाईन्सचे, म्हणजे चुंबकीय रेषांचे, पाय खाली अडकलेले आणि ती जमीनच हळूहळू सरकतेय, सेकंदाला काही शे मीटर वगैरे. उत्तर आणि दक्षिण ध्रुवीयतेच्या मधे जी सीमारेषा असते तिच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या विरुद्ध दिशेने घसरल्या की वरच्या कमानी तिरक्या होत जातात, सीमारेषेला जवळपास समांतर पडतात. काही डाग स्वतःभोवती फिरतात, त्याने पीळ बसतो. काही वेळा खालून वर येणारं नवीन क्षेत्रच आधीपासून पिळलेलं असतं. हे सगळं तासन्‌तास, दिवसेंदिवस चालतं, वर कोरोना वरवर शांतच दिसतो, कारण प्रत्येक पावलागणिक तो नव्या समतोलात बसत जातो. साठवण मंद असते आणि उधळण मिनिटांत, सगळी गंमत या फरकात आहे.

मोजपट्टी म्हणून फेब्रुवारी २०११

नुसतं १२१९२ बघून काही कळणार नाही, शेजारी दुसरा ठेवायला हवा. तो म्हणजे १११५८. १५ फेब्रुवारी २०११ ला ०१:५६ वाजता एक्स २.२, त्या सौरचक्राचा, म्हणजे २४ व्या चक्राचा, पहिला एक्स फ्लेअर. आधीच्याच वर्षी ११ फेब्रुवारी २०१० ला एसडीओ हे सूर्यावर नजर ठेवणारं नासाचं यान वर गेलं होतं, त्यामुळे पहिल्यांदाच संपूर्ण बिंबाचा व्हेक्टर चुंबकीय नकाशा, म्हणजे नुसती ताकद नाही तर दिशाही, दर बारा मिनिटांनी मिळत होता. त्यावरून सौरशास्त्रज्ञ शूदोंग सुन आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला. फ्री एनर्जी वाढत वाढत सुमारे २.६ गुणिले १० चा २५ वा घात ज्यूलपर्यंत गेली, त्यातली जवळपास निम्मी पृष्ठभागापासून पहिल्या सहा हजार किलोमीटरमध्येच दडलेली, आणि फ्लेअरच्या तासाभरात ०.३४ गुणिले १० चा २५ वा घात एवढी घसरली. टक्केवारी काढली तर तेरा. म्हणजे सूर्याने तिजोरी रिकामी केली असं जे आपण समजतो ते तसं नाही, आठवा हिस्सा काढला आणि दार परत लावलं.

आणखी एक बारीक निरीक्षण : फ्लेअरनंतर त्या सीमारेषेजवळचं आडवं क्षेत्र सुमारे २८ टक्के वाढलं, कमी नाही झालं. उलटं वाटतं ना? ऊर्जा गेली की वरची रचना आतल्या आत आकसते, खालच्या कमानी आडव्या दबतात, खाली जमिनीवर त्याची खूण उमटते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्या फ्लेअरमधून सीएमईही निघाला, पृथ्वीच्या दिशेने, चारी बाजूंनी पसरलेला दिसणारा.

तर एक्स २.२ करणारा १११५८ हा १२१९२ पुढे पोरगेलासा समूह. त्याने फेकलं, याने नाही.

सुटतं कसं

इथे रिकनेक्शनबद्दल, म्हणजे चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जाण्याबद्दल, दोन शब्द बोलावेच लागतील, कारण याशिवाय व्याज बाहेर येत नाही. कोरोनातला प्लाझ्मा वीज इतकी छान वाहून नेतो की चुंबकीय रेषा त्यात गोठल्यासारख्या असतात. दहा हजार किलोमीटरच्या रचनेतून चुंबकीय क्षेत्र नुसतं झिरपून विरायचं म्हटलं तर लाखो वर्षं लागतील. विरुद्ध दिशेच्या रेषा एकमेकींवर दाबल्या जाऊन मधे पातळ करंट शीट, म्हणजे विद्युतप्रवाहाचा पडदा, तयार होते हे धरलं, म्हणजे १९५० च्या दशकात स्वीट आणि पार्करने मांडलेलं मॉडेल, तरी हिशोब वर्षभराच्या आसपास अडकतो. फ्लेअरला वेळ असतो काही मिनिटं. १९६४ मध्ये पेटशेकने वेगवान मार्ग सुचवला, आणि गेल्या वीसेक वर्षांत हे कळलं की अशी लांबच लांब पातळ शीट मुळात टिकतच नाही, ती फाटून चुंबकीय बेटांची माळ होते, त्यामुळे वेग वाढून आल्फवेन वेगाच्या (चुंबकीय रेषांवरून लहर ज्या वेगाने धावते त्याच्या) शंभराव्या ते दहाव्या भागापर्यंत जातो. मग उत्तर शंभर ते हजार सेकंद. आता बसलं.

रेषा तुटतात आणि दुसऱ्या जोडीदाराशी जोडल्या जातात, नव्या जोडणीत त्या आखूड असतात, ताणलेलं रबर सोडल्यासारख्या आकसतात, त्यातून प्लाझ्मा तापतो आणि इलेक्ट्रॉन जोरात खाली धावतात. ते जिथे आपटतात तिथे खाली दोन चकाकत्या पट्ट्या दिसतात, फ्लेअर रिबन. नेहमीच्या सीएमईवाल्या फ्लेअरमध्ये या दोन पट्ट्या एकमेकींपासून लांब लांब सरकत जातात, कारण वर काहीतरी उसळून चाललेलं असतं आणि त्याच्या मागे रिकनेक्शन उंच उंच चढत जातं.

आता १२१९२ कडे या. इथे पट्ट्या सुरुवातीलाच बऱ्यापैकी लांब होत्या आणि नंतर जवळपास हलल्याच नाहीत. २२ तारखेच्या एक्स १.६ वर हे अगदी स्वच्छ दिसतं. अर्थ असा की रिकनेक्शन आधीच उंचावर होतं आणि तिथेच खिळून राहिलं, वर चढायला त्याला जागाच नव्हती. २४ तारखेच्या एक्स ३.१ च्या संगणकी प्रतिकृतींतही असंच चित्र येतं, तिरक्या झालेल्या कमानींच्या मधे करंट शीट, तिथे रिकनेक्शन, कमानी आपापसात जोडीदार बदलतात, ऊर्जा सुटते, पण पिळलेला जाड दोर तयार होऊन वर निसटतोय असं काही नाही. आणि ती २८ टक्केवाली खूण आठवतेय? १२१९२ मध्ये पृष्ठभागावरचे बदल त्यापुढे फारच किरकोळ निघाले.

छप्पर

मग अडवलं कोणी? वरच्या चुंबकीय क्षेत्रानेच. सक्रिय प्रदेशाच्या गाभ्यात पिळलेला भाग असतो आणि त्याच्यावरून मोठमोठ्या साध्या कमानी गेलेल्या असतात, पिंजऱ्यासारख्या. पिळलेला भाग वर उठायला बघतो, पिंजरा त्याला खाली दाबतो. पिंजऱ्याची ताकद उंचीबरोबर कमी होतच असते, प्रश्न एवढाच की किती झपाट्याने. ती एका मर्यादेपेक्षा भरभर घसरायला लागली की वर जाणाऱ्याला प्रत्येक पावलागणिक विरोध इतका कमी होतो की तो सुटतोच, याला टोरस इन्स्टॅबिलिटी म्हणतात. घसरणीचं माप म्हणजे डिके इंडेक्स, तो दीडच्या आसपास गेला की धोका. दीड म्हणजे उंची दुप्पट केली की क्षेत्र साधारण एक तृतीयांशावर येतं.

सुन यांच्याच गटाने २०१५ मध्ये तीन प्रदेशांची तुलना केली आणि माझ्या मते या सगळ्या केसमधला सगळ्यात बोलका आकडा तोच आहे. डिके इंडेक्स दीडला पोचण्याची उंची ११४२९ मध्ये सुमारे ३४ हजार किलोमीटर (हा ७ मार्च २०१२ ला एक्स ५.४ आणि अतिशय वेगवान सीएमई देणारा), १११५८ मध्ये ४२ हजार, आणि १२१९२ मध्ये ७७ हजार. म्हणजे बाकीचे दोघे जिथे मोकळे होतात तिथे हा अजून निम्म्या वाटेवर, डोक्यावर छप्पर शाबूत. एवढा प्रचंड डाग, त्याचं प्रचंड क्षेत्र, ते वर खूप उंचीपर्यंत दमदार राहतं. ज्या मुद्दलाकडे बघून सगळे घाबरले होते तेच कुलूप होऊन बसलं होतं.

दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची. गाभ्यातला पीळ त्या आकाराच्या मानाने कमकुवत होता, विद्युतप्रवाह आणि हेलिसिटी (रेषांच्या पिळाचं आणि गुंत्याचं माप) दोन्ही प्रमाणात कमी. म्हणून केवळ 'छप्पर मजबूत होतं' म्हणून थांबणं अर्धवट आहे. बघायचं ते गुणोत्तर : आत ढकलणारा किती आणि वर दाबणारा किती. ११४२९ मध्ये आतला जोर भारी होता आणि छप्पर बुटकं, इथे नेमकं उलट.

हे सगळं पश्चातबुद्धीने रचलेलं आहे का, अशी शंका घेता येते, आणि घ्यावी. कोरोनातलं क्षेत्र आपण थेट मोजत नाही, खालचा नकाशा घेऊन वर गणिताने वाढवतो, त्यात गृहीतकं असतात. पण या प्रदेशाने स्वतःच एक पुरावा देऊन ठेवलाय. २४ तारखेलाच, एक्स ३.१ च्या चौदाएक तास आधी, जागतिक वेळेनुसार सकाळी पावणेआठच्या सुमारास एक एम ४.० फ्लेअर झाला. एक्स ३.१ च्या साधारण आठव्या हिश्श्याचा. त्यातून मात्र लहानसा सीएमई निघाला. कुठे झाला होता तो? गाभ्यात नाही, समूहाच्या कडेला, जिथे वरचा पिंजरा विरळ आहे आणि जवळच उघड्या, म्हणजे परत खाली न वळता अवकाशात निघून जाणाऱ्या, फील्ड लाईन्स आहेत. त्याच दिवशी, त्याच डागात, आठपट लहान स्फोट बाहेर पडला आणि मोठा आतच राहिला. याहून स्वच्छ प्रयोग मुद्दाम ठरवूनही करता आला नसता.

या कोंडलेल्या फ्लेअरचं आणखी एक अंग आहे ज्याच्याकडे लोक कमी बघतात. सीएमईवाल्या मोठ्या स्फोटात सुटलेल्या ऊर्जेचा फार मोठा वाटा प्लाझ्मा भिरकावण्यात जातो, बऱ्याचदा प्रकाश आणि उष्णतेच्या तोडीचा. शिवाय पिळलेला भागच निघून जातो, परत पीळ भरायला वेळ लागतो. १२१९२ मध्ये काहीच निघून गेलं नाही. रेषांनी जोडीदार बदलले, थोडं व्याज प्रकाशात आणि उष्णतेत गेलं, पण रचना जवळजवळ तशीच उभी राहिली. म्हणून २४, २५, २६, २७, रोज एक, बहुतेक त्याच जागी, त्याच चेहऱ्याच्या पट्ट्या. घाबरवणारी वाटत होती ती रांग खरं तर आतून काही बाहेर न पडल्याचीच खूण होती. अंदाज वर्तवणाऱ्यांनी आकार आणि फ्लेअरची संख्या या दोनच गोष्टी धरल्या तर दर वेळी फसायला होईल असं मला वाटतं, त्याऐवजी डिके इंडेक्सची उंची रोज शेजारी छापायला काय हरकत आहे. खालचा नकाशा दर बारा मिनिटांनी येतोच आहे, आणि वरच्या साध्या कमानींचं गणित तुलनेने सोपं आहे.

३० ऑक्टोबरच्या सुमारास हा समूह पश्चिमेच्या कडेमागे गेला. दोनेक आठवड्यांनी पलीकडून फिरून आला तेव्हा नवा नंबर मिळाला, १२२०९, अजूनही बऱ्यापैकी मोठा पण आता विखुरलेला, सीमारेषेवरचा ताण उतरलेला. त्या फेरीत त्याने एकही एक्स फ्लेअर केला नाही. डाग फाटत गेले, क्षेत्र आजूबाजूला पसरत गेलं, आणि उरलंसुरलं व्याज कुठलाही मोठा बार न उडवता हळूहळू झिरपून गेलं.